‘तात्पुरतं’ म्हणजे नक्की किती वर्षं? अणुकचऱ्यावर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात विजेवरच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी सहज लिहून गेलो की अणुभट्टी चालवणं त्यातल्या त्यात सोपं, खरी डोकेदुखी तिच्यातून बाहेर पडणारं सामान सांभाळायची. झालं! त्यावर एवढे मेल आणि मेसेज आलेत की आजचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतोय. बाकीचे प्रश्न विचारलेल्यांनी महिनाभर कळ काढावी.

सर नमस्कार, मी बोईसरचा. तारापूरचं केंद्र माझ्या जन्माच्या आधीपासून इथे आहे. एवढ्या वर्षांत आत जे इंधन जळालं ते गेलं कुठे? रात्री ट्रकने कुठे नेतात की आमच्याच शेजारी पुरलंय?

पुरलेलं नाहीये, आणि पहिल्या दोन भट्ट्यांचं म्हणाल तर फार लांबही गेलेलं नाहीये.

आधी ‘जळालं’ हा शब्द बाजूला ठेवू, कारण त्याने आपल्या डोळ्यासमोर राख येते आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. भट्टीत राख होत नाही. इंधनाची नळी आत जाताना जशी दिसते साधारण तशीच बाहेर येते, फरक एवढाच की आत जाताना ती तुम्ही हातमोजे घालून उचलू शकता आणि बाहेर आल्यावर आडोसा न घेता तिच्याजवळ काही मिनिटं जरी उभे राहिलात तरी जीव जाईल. वर ती तापलेली, आणि भट्टी बंद केली म्हणून ती उष्णता थांबत नाही, आतून येतच राहते. म्हणून ती पहिली काही वर्षं खोल पाण्याच्या हौदात ठेवतात, पाणी थंडही करतं आणि किरणही अडवतं. (ट्रॉम्बेच्या अप्सरा भट्टीचा हौद मी कॉलेजच्या ट्रिपला वरून वाकून बघितलाय, तळाशी तो निळा उजेड, आणि सगळी पोरं एकदम गप्प झाली होती, आमच्या वर्गाच्या बाबतीत हे फार दुर्मिळ.) पुरेसं निवलं की मग पोलाद-काँक्रीटच्या जाड पिंपात, त्याला ड्राय कास्क म्हणतात, तिथे पाणी लागत नाही, बाहेरची हवा पुरते.

आता तुमचं तारापूर. पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, अमेरिकन बनावटीच्या, आणि १९६३ च्या करारानुसार त्यांचं समृद्ध युरेनियमही अमेरिकेकडून यायचं. १९७४ ला पोखरण झालं, १९७८ ला अमेरिकेने कायदा कडक केला, इंधन बंद पडलं, मग आपण ते दुसऱ्या देशांकडून मिळवलं वगैरे ती वेगळी स्टोरी, पण वापरून झालेल्या इंधनाचं मात्र त्रांगडं झालं. अमेरिका ते परतही नेईना आणि आपल्याला त्यावर प्रक्रिया करायची परवानगीही देईना, मग ते तिथेच साठत गेलं, आधी हौदात, हौद भरत आले तेव्हा कास्कमध्ये आणि वेगळी इमारत बांधून तिच्यात. कुणी ‘इथेच ठेवायचं’ असा निर्णय घेतला का, तर नाही, कुठलाच निर्णय झाला नाही म्हणून ते तिथे राहिलं. मुंबईतली संक्रमण शिबिरं आठवा, लोक दोन वर्षांसाठी म्हणून जातात आणि तिथेच नातवंडांची बारशी होतात.

आपल्या बाकीच्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या, साध्या युरेनियमवर चालणाऱ्या, आणि तिथे आपलं धोरण वेगळं आहे. वापरलेलं इंधन आपण कचरा समजत नाही, नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम परत काढतो. ट्रॉम्बेचा असा प्लांट १९६४ चा, नंतर तारापूरला झाला, कल्पक्कमला झाला. मागे जो द्राव उरतो तो वजनाने थोडका पण किरणोत्सर्ग जवळजवळ सगळा त्याच्यात. तो काचेत वितळवून स्टीलच्या डब्यात ओततात. काच म्हणजे बोरोसिलिकेट, लॅबमधल्या बीकरच्याच खानदानातली. हे डबेही तारापूरला एका इमारतीत ठेवतात आणि मला त्या इमारतीची एक गोष्ट जाम आवडते, तिथे हवा खेळवायला पंखा नाही. डब्यांनी हवा तापते, वर जाते, उंच धुराड्यातून बाहेर पडते, खालून थंड हवा आपोआप आत येते. लाइट गेली तरी काम चालू, आणि पालघर जिल्ह्यात लाइट जाण्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार.

तर ही झाली व्यवस्था, आणि चांगली व्यवस्था आहे. पण कागदावर तिचंही नाव तात्पुरती साठवणच. काही दशकं निवू द्यायचं आणि मग जमिनीखाली खोल कायमचं ठेवायचं, असा प्लॅन. ती खोल जागा आपल्याकडे अजून ठरलेली नाही.

सर, अकरावी सायन्स, पुणे. हाफ लाइफचं गणित जमतं, पण एक कळत नाही. अणुकचरा किती काळ धोक्याचा, यावर कुणी ३०० वर्षं म्हणतात, १० हजार म्हणतात, कुणी १० लाख म्हणतं. नक्की किती?

सगळंच बरोबर, कारण तू कशाबद्दल बोलतोयस त्यावर ते आहे.

रुपया घे. एक अर्धायुष्य (तुझं हाफ लाइफ, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ) संपलं की आठ आणे, दुसरं संपलं की चार आणे, मग दोन, मग एक, असं दहा वेळा केलं की हजाराव्या हिश्शाच्या आसपास येतोस. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे दहा वेळा ३०, ते झाले ३००. स्ट्रॉन्शियमचंही जवळपास तेवढंच. सुरुवातीची सगळी उष्णता, सगळी दहशत मुख्यतः या दोघांची. प्लुटोनियम-२३९ चं २४ हजार वर्षं, मग दहा वेळा केलं की २ लाख ४० हजार. आयोडीन-१२९ तर दीड कोटी वर्षांच्याही वर जातं.

आता गंमत बघ, लोक दीड कोटी ऐकून दचकतात पण जे इतकं सावकाश संपतं ते दर सेकंदाला किरणही कमीच टाकतं, दिवाळीत एका रात्रीत उडवलेला बोनस आणि महिन्याची बारीक पेन्शन यात जो फरक तोच. आयोडीनची भीती वेगळ्या कारणाने, ते पाण्यात सहज विरघळतं आणि खडकातून पाण्याबरोबर चालू पडतं. प्लुटोनियम उलट, पाण्यात फारसं विरघळत नाही, एका जागी बसतं, पण धूळ होऊन श्वासातून फुप्फुसात गेलं की वाईट. त्यामुळे ‘किती वर्षं’ इतकंच ‘कुठल्या वाटेने माणसापर्यंत येईल’ हेही विचारायचं. अमेरिकेत नेवाडातल्या युक्का माउंटन या अणुकचरा पुरायला निवडलेल्या जागेसाठी आधी १० हजार वर्षांचा नियम होता, २००४ मध्ये कोर्ट म्हणालं हे पुरेसं नाही, आणि शेवटी तो १० लाख वर्षांवर गेला. आणि त्या जागेचं झालं काय? १९८७ मध्ये संसदेने बाकीच्या जागा बाजूला सारून एकट्या नेवाडाच्या गळ्यात ते घातलं, नेवाडाने वीस-बावीस वर्षं कोर्टात आणि राजकारणात भांडून ते बंद पाडलं. सरकारने वीज कंपन्यांना कायद्याने लिहून दिलं होतं की १९९८ पासून तुमचं इंधन आम्ही उचलू, ते आजही त्यांच्याच आवारात उभं आहे आणि सरकार त्यांना भरपाई देत बसलंय. म्हणजे १० लाख वर्षांचं गणित मांडलं पण १९९८ चा वायदा पाळता आला नाही. असो, तू परीक्षेत हे लिहू नकोस.

समुद्रात किंवा रॉकेटने सूर्यावर का टाकत नाहीत? आणि आपला सह्याद्री एवढा मजबूत, त्यात बोगदा खणून ठेवलं तर? – सातारा

समुद्रात टाकून झालंय. १९४६ पासून कितीतरी देशांनी पिंपंच्या पिंपं टाकली, १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय करारातून सगळ्याच किरणोत्सर्गी कचऱ्यावर बंदी आली. रॉकेटचं म्हणाल तर शंभरातलं एक जरी आकाशात फुटलं तर सूर्यावर जायचं सामान तुमच्याआमच्या डोक्यावर, शिवाय खर्च विचारूच नका.

सह्याद्रीचा प्रश्न मात्र मस्त आहे. आपला काळा पाषाण हाताला कडक लागतो हे खरं, पण तो एकसंध नाही, लाव्हाचे थरावर थर आहेत, मध्येमध्ये मुरूम, उभ्याआडव्या भेगा, आणि त्या भेगांतूनच पाणी फिरतं म्हणून तर गडाच्या माथ्यावर टाकी भरतात आणि पायथ्याला झरे लागतात. अणुकचऱ्याला नको असतं ते नेमकं हेच, फिरतं पाणी. त्यात तुम्ही साताऱ्याचे, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तुमच्या घरातली म्हातारी माणसं अजून सांगत असतील. अमेरिकेनेही हॅनफर्डला अशाच बेसॉल्टमध्ये जागा शोधायचा प्रयत्न केला आणि १९८७ ला सोडून दिला.

आपल्या शास्त्रज्ञांनी म्हणून दुसरीकडे बघितलं. कोलारच्या सोन्याच्या खाणीत जवळजवळ एक किलोमीटर खाली भाभा अणुसंशोधन केंद्राने खडकात हीटर लावून कित्येक वर्षं प्रयोग केला, कचरा नव्हता हां, नुसते हीटर, तापल्यावर खडक कसा वागतो ते बघायला. पुढे २०१२ मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुप्रकल्पाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टात कचरा ठेवायची जागा म्हणून कोलारचं नाव निघालं आणि पाठोपाठ तिकडे लोक रस्त्यावर, मग लगेच खुलासा आला की तसा काही विचार नाही. खडकाने कधीच नकार दिला नव्हता, माणसांना आधी कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

सर आम्ही हेलसिंकीत असतो, मिस्टर आयटीत. इथे सगळे अभिमानाने सांगतात की आमचं ओन्कालो, म्हणजे वापरलेलं इंधन खडकात खोल कायमचं ठेवायचं भांडार, जगात पहिलं. पण इथली माणसं शांतपणे हो कशी म्हणाली? आमच्या कोकणात तर जैतापूरवरून केवढं झालं!

तुम्हाला तर मीच प्रश्न विचारायला हवेत, तुम्ही तिथे राहता.

माझ्या समजुतीप्रमाणे यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे तिथे गावाला नकार द्यायचा हक्क होता, खराखुरा, कायद्यातला. भांडार ज्या गावात होणार त्या युराजोकीच्या नगरपालिकेने नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता. आणि ज्याच्या हातात नाही म्हणायचा हक्क असतो तो माणूस निवांत बसून ऐकतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही भूसंपादनवाल्या साहेबाला सांगून बघा. दुसरं, ओल्किलुओटो बेटावर भट्ट्या आधीपासूनच होत्या, लोक तिथेच नोकरीला, कर गावाला मिळतो, त्यामुळे ‘बाहेरचा कचरा आमच्या दारात’ असं कुणाला वाटलं नाही. संसदेने २००१ मध्ये मंजुरी दिली, २००४ ला खोदकाम, २०१५ ला बांधकामाचं लायसन्स, आणि २०२४ मध्ये खऱ्या इंधनाऐवजी डमी भरून रंगीत तालीम. पाव शतक गेलं, कुणी घाई केली नाही, आणि मधल्या काळात सरकारं बदलली तरी काम थांबलं नाही, मला विचाराल तर तांब्याच्या डब्यापेक्षा हे जास्त कौतुकाचं.

डब्याचंही सांगतो. इंधन आधी ओतीव लोखंडाच्या साच्यात, त्यावर साधारण ५ सेंटीमीटर जाडीचं तांब्याचं आवरण, ते खडकातल्या भोकात, आणि भोवती बेंटोनाइट माती. बेंटोनाइट तुम्ही बघितलंय, मुंबईत टॉवरच्या पायलिंगच्या साइटवर तो राखाडी बुळबुळीत चिखल असतो ना, तोच. पाणी लागलं की फुगतो आणि फट बुजवतो. आपल्या कच्छमध्ये ढिगाने मिळतो. हे सगळं जमिनीखाली चारशे-साडेचारशे मीटर, जवळपास दोन अब्ज वर्षं जुन्या खडकात. इतकं खोल कशाला तर पुढचं हिमयुग येईल तेव्हा त्या बेटावर किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचा बर्फ बसेल, त्याच्या वजनाचाही हिशोब धरलाय.

आता यात काडी टाकणारेही आहेत. स्टॉकहोमच्या काही संशोधकांनी दाखवायचा प्रयत्न केला की ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातही तांबं गंजतं. बाकीच्यांना ते पटलं नाही, वाद वर्षानुवर्षं चालला, आणि असाच डबा वापरणार असलेल्या स्वीडनच्या पर्यावरण कोर्टाने २०१८ मध्ये सरकारला सांगितलं की डब्याबद्दलची शंका आधी दूर करा. सरकारने २०२२ ला परवानगी दिली. मला यात कुणाचा विजय वगैरे दिसत नाही, पण शंका घेणाऱ्याला देशद्रोही न म्हणता कोर्टाने त्याचं म्हणणं कागदावर घेतलं हे मी माझ्या डायरीत लिहून ठेवलंय.

काका, एक फॉरवर्ड आलाय की मांजराच्या शी-शूच्या मातीमुळे अमेरिकेत अणुकचऱ्याचा स्फोट झाला. माझ्याकडे दोन मांजरं आहेत म्हणून विचारते, हे खरं का? – ठाणे

खरं आहे! व्हॉट्सॲपवर वर्षातून एकदा खरं येतं, ते हेच.

न्यू मेक्सिकोत कार्ल्सबाडजवळ मिठाच्या जाड थरात साडेसहाशे मीटर खाली एक भांडार आहे, १९९९ पासून चालू, तिथे अण्वस्त्रांच्या कामातला प्लुटोनियमने माखलेला कचरा जातो, भट्ट्यांचं इंधन नाही. मीठ का, तर मीठ हळूहळू सरकत येऊन पिंपांना मिठी मारतं आणि फटी बंद होतात. छान कल्पना. फेब्रुवारी २०१४ मध्ये आधी ५ तारखेला खाली मीठ वाहणाऱ्या ट्रकला आग लागली, आणि १४ तारखेच्या रात्री दुसऱ्याच भागात लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतून आलेलं एक पिंप आतून तापून फुटलं.

त्या पिंपात नायट्रेटचे क्षार होते आणि ओल शोषायला मांजराची लिटर घालायची पद्धत होती. नेहमीची लिटर म्हणजे माती, दगडाची जात, ती कशाशी भांडत नाही. पण कामाच्या सूचनांमध्ये ‘इनऑर्गॅनिक’च्या जागी ‘ऑर्गॅनिक’ शब्द आला, आणि लोकांनी इमानेइतबारे गव्हापासून केलेली लिटर आणून भरली. आता नायट्रेट म्हणजे काय, तर शोऱ्याच्या कुळातला पदार्थ. शोरा आणि कोळसा एकत्र आले की काय होतं ते शिवकाशीवाल्यांना विचारा. गव्हाचा कोंडा इथे कोळशाच्या जागी बसला.

२२ कामगारांना थोडा किरणोत्सर्ग लागला, अगदी किंचित प्लुटोनियम-अमेरिशियम बाहेरच्या हवेतही गेलं, आणि ते भांडार जवळपास तीन वर्षं बंद राहिलं. दोन अक्षरांच्या ‘इन’साठी. २५ कोटी वर्षं जुन्या मिठाचा त्यात काही दोष नव्हता बिचाऱ्याचा.

आणि हे वाचून माझ्या अंगावर काटा आला त्याचं कारण वेगळंच, कारण हीच केमिस्ट्री आधी एकदा माणसं उठवून गेलीये. २९ सप्टेंबर १९५७, सोव्हिएत रशियात उरल पर्वताजवळ मायाक, अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम काढायचा कारखाना. प्लुटोनियम काढून उरलेल्या द्रावाची जमिनीतली टाकी, तिचं थंड करायचं यंत्र बिघडलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, पाणी आटलं, तळाशी नायट्रेट आणि ॲसिटेटचे क्षार सुकून राहिले आणि स्फोट झाला, टाकीवरचं दीडशे टनांच्या वरचं काँक्रीटचं झाकण उडालं. १० हजारांवर लोकांना गावं सोडावी लागली आणि बहुतेकांना का ते सांगितलंही नाही. जगाला कळलं १९७६ मध्ये, तेही झोरेस मेदवेदेव नावाच्या देश सोडलेल्या शास्त्रज्ञाने लिहिलं म्हणून. आता तुम्हीच सांगा, एकाने अपघात लपवला तर दुसरा त्यातून शिकणार कसा?

तुमच्या मांजरांना काही धोका नाही. लिटर कुठलीही वापरा.

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. प्लुटोनियम आपल्या तीन टप्प्यांच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचं इंधन आहे, मग ते साठवणं म्हणजे सोनं साठवण्यासारखंच ना? त्यात चॅलेंज काय?

सोनं तिजोरीत रचून ठेवता येतं, प्लुटोनियम रचता येत नाही, सुरुवात इथूनच. उघड्या गोळ्याच्या रूपात साधारण १० किलो एकत्र आलं की साखळी अभिक्रिया स्वतःहून चालू होते आणि पाणी किंवा दुसरं काही भोवती असेल तर त्याहून कमीतच, म्हणून डबे ठरावीक अंतराने, ठरावीक आकाराचे, मोजून मापून ठेवायचे. दुसरं, ते जागच्या जागी बदलतं. त्यातला प्लुटोनियम-२४१ हा भाग १४ वर्षांत निम्मा होतो आणि त्याचं अमेरिशियम बनतं, ते गॅमा किरण टाकतं, म्हणजे जितकं जुनं तितकं हाताळायला वाईट आणि इंधन करायला महाग. तिसरं, हेलियम वायू साठत जातो, आतलं प्लास्टिक किरणांनी कुजतं, डबे फुगू शकतात. आणि रात्रंदिवस बंदूकधारी पहारा, तो वेगळाच.

ब्रिटनचं उदाहरण लिहून ठेव. पुढे फास्ट भट्ट्यांत (प्लुटोनियमवर चालणाऱ्या) लागेल म्हणून सेलाफिल्डच्या अणुकेंद्रात त्यांनी साधारण १४० टन जमवलं, त्या भट्ट्या काही आल्या नाहीत, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने ठरवलं की आता हे इंधन म्हणून वापरायचं नाही, टिकाऊ घन रूपात पक्कं करून शेवटी पुरायचं. आपल्याकडे कल्पक्कमची ५०० मेगावॅटची भट्टी याच इंधनावर आहे, म्हणून आपलं गणित वेगळं, पण त्या भट्टीला जितका उशीर तितकं डब्यातलं सामान म्हातारं होणार, हा मुद्दा उत्तरात टाकलास तर तपासणारा खूश होईल असं वाटतं. नाही झाला तर माझं नाव सांगू नकोस.

भंगाराचा धंदा आहे आमचा, कुर्ल्याला. पिवळं तीन पात्यांचं चिन्ह असलेला जड डबा आला तर काय करायचं?

फोडायचा नाही, एवढं एक वाक्य दुकानात मोठ्या अक्षरात लावा. माणसं लांब करा, पोलिसांना कळवा, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाचं ऑफिस मुंबईतच अणुशक्तीनगरला आहे, त्यांना कळवायला सांगा. ज्याने हात लावलाय त्याला घरी पाठवू नका, हात धुवायला लावा आणि थांबवून ठेवा.

हे मी जरा जोर देऊन का लिहितोय, कारण भट्ट्यांच्या कचऱ्यावर शंभर डोळे असतात आणि असल्या डब्यांवर एकही नसतो. ब्राझीलमध्ये गोयानियाला १९८७ मध्ये बंद पडलेल्या दवाखान्यात सीझियमचं मशीन तसंच राहिलं, दोघांनी ते भंगारात विकायला फोडलं, आतली पूड अंधारात निळी चमकायची म्हणून लोकांनी कौतुकाने घरी नेली, पोरांनी अंगाला लावली. चार जण गेले. आपल्याकडे एप्रिल २०१० ला दिल्लीच्या मायापुरीत तेच, विद्यापीठाच्या लिलावातून आलेलं जुनं कोबाल्टचं यंत्र, एका कामगाराचा जीव गेला. पिवळ्या चिन्हाचा अर्थ लोकांना लागत नाही हे कळल्यावर २००७ मध्ये नवीन चिन्ह काढलं, लाल त्रिकोण, त्यात किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ते बघून तरी पळा.

मी अलिबागजवळ शाळेत शिकवते. दहा हजार वर्षांनी आपली भाषाच नसेल तर ‘इथे खणू नका’ हे त्यांना सांगणार कसं? मुलांनी विचारलं आणि मी निरुत्तर झाले.

बाई, तुमच्या मुलांनी विचारलं तेच अमेरिकन सरकारनेही तज्ज्ञांना विचारलं होतं. थॉमस सेबिओक नावाच्या चिन्हशास्त्रज्ञाने १९८४ च्या अहवालात सुचवलं की एक पुरोहितवर्गच तयार करा, तो पिढ्यान्पिढ्या दंतकथा आणि भीती जिवंत ठेवेल. (आपल्याला यात काय नवीन!) त्याच वर्षी दोघा युरोपियन विचारवंतांची आयडिया की किरणोत्सर्गाजवळ गेल्यावर रंग बदलणारी मांजरं पैदा करा आणि त्यांची गाणी, म्हणी लोकांत रुजवा, मांजराचा रंग बदलला की पळ काढायचा. बघा, मांजर परत आलं. न्यू मेक्सिकोच्या त्या भांडारासाठी १९९० च्या दशकात एका गटाने जमिनीतून वर आलेल्या अवाढव्य काट्यांची रानं काढून दाखवली, शब्द कळले नाहीत तरी जागा अशुभ वाटली पाहिजे म्हणून. फिनलंडमध्ये वेगळाही विचार चालतो, की बोगदे भरून टाका, वर झाडं वाढू द्या, विसरले लोक तर बरंच, खूण दिसली की माणूस खणणारच.

पण तुम्ही अलिबागच्या, तुमच्याजवळ आक्षी आहे, तिथला शिलालेख मुलांना दाखवलाय का? तो गधेगाळ आहे. जुन्या राजवटीत दान दिलेल्या जमिनीच्या कडेला असे दगड उभे करायचे, वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हा हुकूम चालू, मध्ये लेख, आणि कुणी मोडला तर त्याच्या घरातल्या बाईला गाढवाची शिवी, वाचता येत नसेल त्याच्यासाठी तीही चित्रात कोरलेली. (मुलांना हे कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी सुटलो.) म्हणजे तज्ज्ञांनी मांडलं ते सगळं त्यात आहे, टिकाऊ दगड, मजकूर, चित्र, धाक. आणि हजारेक वर्षांत कोकणात या दगडांचं काय झालं, कुठे शेंदूर लावून देव केला, कुठे अपशकुनी म्हणून फोडला, कुठे नुसताच बांधाला पडलाय. धाक कळला, काही ठिकाणी भक्तीही आली, पण कुठली जमीन, कुणाचा हुकूम, का, ते गेलं. लेख तरी कशाला, माझ्या पणजोबांच्या हातची मोडीतली चोपडी माझ्या कपाटात आहे, शंभर वर्षंही धड झाली नाहीत, मला त्यातली एक ओळ लागत नाही.

म्हणून मुलांना तयार उत्तर देऊ नका. त्यांना आक्षीला न्या, दगड दाखवा, आणि प्रत्येकाला एक कोरा कागद द्या, एकही अक्षर न वापरता ‘इथे खणू नका’ काढायचं. चित्र झालं की शेजारच्या वर्गातल्या मुलांना दाखवून विचारा यात काय लिहिलंय. सगळ्यात चुकीचा अर्थ निघाला ते चित्र मला पाठवा, पुढच्या अंकात छापतो.